शिंकेवरची गोळी

आमच्या घरात औषधांचा एक डबा आहे. मूळचा आम्रखंडाचा. झाकणावरचा आंबा आता पुसट झालाय, पण आत काय आहे ते घरातला कुणीही डोळे मिटून सांगेल: पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, बँडेज, जखमेचं मलम, नाव-गाव नसलेल्या अर्धवट कापलेल्या काही पट्ट्या, आणि सर्दीच्या गोळ्या. सर्दीच्या गोळ्या नेहमी सगळ्यात जास्त. तुमच्याकडेही असा डबा असणारच. फार तर आम्रखंडाऐवजी बिस्किटांचा असेल.

मी डॉक्टर नाही, केमिस्ट नाही. पण शिंका या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. सकाळी उठल्यावर ओळीने सात-आठ शिंका, पंखा पुसला की डझनभर, जुनी पुस्तकं काढली की मोजदाद सोडून द्यायची. लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंची पंचाईत झाली. कुणी कामाला बाहेर निघालं की नव्या सुनेची शिंक! बिचाऱ्या प्रत्येकाला पुन्हा बसवून पाणी प्यायला लावायच्या. महिनाभराने त्यांनी शकुन-अपशकुनाचा नाद सोडला, कारण त्या हिशोबाने घरातलं कुणीच कधी बाहेर पडू शकलं नसतं.

हे दुखणं मला पुण्यात शिकायला असताना लागलं. तिथे मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेने, कंबरेएवढं गाजरगवत माजलेलं असायचं. पांढरी बारीक फुलं, दिसायला निरुपद्रवी. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास, आणि तिथून ते देशभर पसरलं. त्याच्या परागांनी कित्येकांची नाकं आणि कातडी हैराण केली. होस्टेलवर रूम-पार्टनरने पहिल्यांदा अ‍ॅव्हिलची गोळी हातावर ठेवली. ती घेतली की शिंका थांबायच्या, आणि मीही थांबायचे. दुपारी घेतलेली गोळी संध्याकाळच्या चहापर्यंत डोळे उघडू द्यायची नाही. शिंका नकोत तर झोप घ्या, असा तो सौदा आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. सगळ्यांचाच तसा समज होता म्हणा.

पुढे ठाण्यात आल्यावर गाजरगवताची जागा पावसाळ्यातल्या कपाटातल्या बुरशीने घेतली. नाकाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तेव्हापासून मी पट्टीवरचं बारीक अक्षर वाचायला लागले.

तर प्रकार असा. आपल्या शरीरात हिस्टामीन नावाचं एक रसायन काही पेशींमध्ये साठवलेलं असतं. पराग किंवा धूळ नाकात गेली आणि शरीराने तिला शत्रू ठरवलं की या पेशी फुटतात, हिस्टामीन बाहेर पडतं आणि ठरलेल्या जागी जाऊन चिकटतं. मग शिंका, पाणी, खाज, गांधी उठणं. अँटिहिस्टामीन गोळी त्याच जागा आधीच अडवून बसते. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं! म्हणूनच ही गोळी शिंकांच्या आधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. डॅनियल बोव्हे या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९३७मध्ये असं पहिलं औषध सापडलं आणि १९५७चं नोबेल त्याला ज्या कामांसाठी मिळालं, त्यात हेही होतं.

गोम पुढेच आहे. हेच हिस्टामीन मेंदूतही असतं, आणि तिथे त्याचं काम वेगळं, आपल्याला जागं ठेवण्याचं. जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात आणि तिथल्याही सीटा अडवतात. म्हणजे ती झोप हा नाकाला आराम पडल्याचा आनंद नव्हे, तो मेंदूवरचा परिणाम आहे. शिवाय या जुन्या गोळ्या हिस्टामीनवर थांबत नाहीत. अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या आणखी एका रसायनाच्याही आड येतात. त्याने तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. आणि म्हातारी माणसं चक्क भ्रमिष्टासारखी बोलू लागतात.

मी याला जुनं घराणं आणि नवं घराणं म्हणते. जुन्या घराण्यात क्लोरफेनिरामाइन (सर्दीच्या पट्टीवरचं सीपीएम ते हेच), फेनिरामाइन म्हणजे अ‍ॅव्हिल, खोकल्याच्या कित्येक औषधांतलं डायफेनहायड्रामाइन, गाडी लागू नये म्हणून घेतात ते प्रोमेथाझिन, आणि खाजेवरचं हायड्रॉक्सिझिन. नव्या घराण्यात सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे मंडळी. ही मेंदूच्या दाराशी बऱ्याच अंशी अडवली जातात. त्यातही सेटिरिझिन थोडं आत डोकावतंच, काही जणांना चांगलीच गुंगी येते. नात्यातलंच आहे ते: हायड्रॉक्सिझिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे रूपांतर करतं, तेच सेटिरिझिन. फेक्सोफेनाडिनने गुंगी सगळ्यात कमी.

एवढं सगळं मी का सांगतेय? अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला असतात, आई आणि ते दोघंच. निवृत्त शिक्षक. तेव्हा वय ७८, प्रोस्टेटची एक गोळी रोज चालू, बाकी तब्येत खणखणीत. २०२३च्या जानेवारीत त्यांना सर्दी झाली. साधी, नाक गळणारी. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, "सर्दीचं काहीतरी द्या" म्हणाले, त्याने दहा गोळ्यांची पट्टी दिली आणि दिवसातून तीनदा घ्या म्हणाला. घरात खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती, तीही रात्री दोन चमचे सुरू झाली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, आणि वाटण्यासारखं वरवर काही नव्हतंही.

तिसऱ्या रात्री आईचा फोन. पावणेतीन वाजले होते.

"अगं, हे चपला शोधतायत. म्हणतात शाळेची पहिली घंटा झाली."

मी म्हटलं, "झोपेत असतील गं."

"नाही गं, दिवे लावलेत सगळे. मला म्हणाले, बाई, हजेरीपट कुठाय?"

पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर आईला ते "बाई" म्हणाले. ते सांगताना तिचा आवाज कसा झाला होता ते मी इथे लिहीत नाही. माझ्या डोक्यात एका मिनिटात पक्षाघातापासून स्मृतिभ्रंशापर्यंत सगळं येऊन गेलं. सकाळपर्यंत आणखी एक गोष्ट कळली: आदल्या संध्याकाळपासून त्यांना लघवीच झाली नव्हती. पोट दगडासारखं टणक. शेजारच्या मुलाने गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं, नळी घातली, तेव्हा जवळजवळ लिटरभर निघाली.

मी दुपारी पोचले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न आईला हाच विचारला होता, की आजोबांना आठवड्यात नवीन काय काय दिलंत? आईने शहाणपणाने घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या कापडी पिशवीत भरून आणल्या होत्या. बाईंनी एकेक उचलून पाहिली, गोळीच्या पट्टीवरच्या एका ओळीवर आणि बाटलीवरच्या एका ओळीवर पेनाने खूण केली. गोळीत क्लोरफेनिरामाइन. बाटलीत डायफेनहायड्रामाइन. एकाच जुन्या घराण्यातली दोन, एकदम, प्रोस्टेट वाढलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला. गोळीत फेनिलेफ्रिनही होतं, नाक मोकळं करण्यासाठी घालतात ते, आणि तेही लघवीच्या वाटेचा स्नायू आवळतं. त्यांनी सांगितलं की हे पाहायला मिळणं नवीन नाही, थंडीत तर नाहीच. क्लोरफेनिरामाइन धडधाकट माणसाच्या रक्तातूनही निम्मं व्हायला वीस तासांच्या आसपास लागू शकतात. म्हाताऱ्या शरीरात आणखी जास्त. दिवसातून तीन गोळ्या म्हणजे पहिली उतरायच्या आत दुसरी, तिसरी, चौथी चढत जाते.

दोन दिवसांनी अण्णा पूर्ण भानावर आले. नळी काही दिवस राहिली, मग निघाली, आणि नशिबाने सगळं पूर्ववत झालं. त्यांना त्या रात्रीचं काहीच आठवत नाही. आईला सगळं आठवतं.

त्या दुकानदारावर मी खूप चिडले होते. अजूनही थोडी आहे. वय काय, दुसरी औषधं कोणती, लघवीचा त्रास आहे का, हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग दुकानात उभं राहून पाहिलं की काउंटरवर एका वेळी आठ हात पुढे आलेले असतात आणि प्रत्येकाला "काहीतरी द्या" एवढंच हवं असतं. असो.

आता सर्दीचंच बोलू. कारण अ‍ॅलर्जीची शिंक आणि सर्दीची शिंक आपण एकाच डब्यात टाकतो. अ‍ॅलर्जीत खाज असते, नाकाला, डोळ्यांना, टाळ्याला. पाणी पातळ असतं, ताप नसतो, आणि महिनोन्‌महिने चालतं. तिथे हिस्टामीन हाच मुख्य आरोपी, म्हणून तिथे ही गोळी खरी उपयोगाची. सर्दी विषाणूची. तिथे हिस्टामीनचा वाटा थोडका, म्हणून नव्या घराण्याच्या गोळीने सर्दीला फारसा फरक पडत नाही. जुन्या गोळीने मोठ्यांना पहिले एक-दोन दिवस किंचित बरं वाटतं, नाक सुकतं, पुढे घेणारा आणि न घेणारा सारखेच. ज्या गोळीपायी अण्णा रात्री शाळेत निघाले, तिने त्यांची सर्दी एक दिवसही लवकर बरी केली नसती, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आणि ते फेनिलेफ्रिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३च्या सप्टेंबरात सांगून टाकलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करण्याच्या कामाचं नाही. २०२४मध्ये ते तिथल्या बिनचिठ्ठीच्या गोळ्यांतून काढायचा प्रस्तावही आला. आपल्या पट्ट्यांवर ते दिमाखात छापलेलं असतं. त्याआधी याच जागी फेनिलप्रोपॅनोलामाइन असायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ते आपल्याकडे २०११मध्ये बंद झालं.

सर्दीच्या या "सगळं एकात" गोळ्यांचा आणखी एक घोळ म्हणजे त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉलही असतं, पाचशे मिलिग्रॅम. माणूस सर्दीची गोळी घेतो, मग अंग दुखतं म्हणून तापाची वेगळी गोळी घेतो. त्याच्या लेखी दोन औषधं, यकृताच्या लेखी एकच औषध दुप्पट. चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये म्हणतात. म्हाताऱ्या, किडकिडीत किंवा दारू घेणाऱ्या माणसाला मर्यादा आणखी खाली. त्यात दारू आणि झोपेची गोळी यांचं जुन्या घराण्याशी भलतंच सूत जमतं, तिघं मिळून माणसाला पाडतात. आमचे एक काका लग्नाच्या वरातीत खोकल्याचं औषध आणि दोन पेग घेऊन मांडवातच घोरू लागले होते. तेव्हा सगळे हसलो. नशीब की गाडी दुसरा कुणी चालवत होता. अ‍ॅव्हिलची असो वा गाडी लागू नये म्हणूनची असो, ती गोळी मागे बसणाऱ्यांसाठी. घाटात स्टिअरिंग हातात असणाऱ्यासाठी नव्हे. आणि रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी ऑफिसला निघतानाही असू शकतो, आपल्याला मात्र आपण अगदी जागे आहोत असंच वाटत असतं.

लहान मुलांचं तर आणखी नाजूक. "मूल रात्रभर शांत झोपलं" म्हणून सर्दीच्या औषधाची स्तुती करणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्या औषधाने मुलाला गुंगवलेलं असतं, एवढंच. २०२३च्या डिसेंबरात आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि तसं लेबलावर छापावं. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखाली नकोच, त्याने श्वास मंदावून मुलं दगावली आहेत. बाळाच्या चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात, आणि मांडीवर उभं धरून बसायला एक आजी.

नवं घराणं म्हणजे सोवळं, असंही नाही हं. सेटिरिझिन दिवसाला दहा मिलिग्रॅम, लेव्होसेटिरिझिन पाच, एकदाच. एकीने भागलं नाही म्हणून मनानेच दुसरी घ्यायची नाही. दोन्ही मूत्रपिंडांतून बाहेर पडतात, त्यामुळे किडनी अधू असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. ते साध्या पाण्याबरोबर घ्यायचं, आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधापासून लांब. महिनोन्‌महिने रोज सेटिरिझिन घेऊन अचानक बंद केलं तर क्वचित कुणाला अंगभर भयंकर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेत २०२५मध्ये दिला गेला. माझ्या एका मैत्रिणीने तो वाचून गोळी बंद करायचीच भीती घेतली. तसं करायचं कारण नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते. लेव्होसेटिरिझिनच्या जोडीला मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी तर हल्ली शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. त्यातल्या मॉन्टेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, उदासी, क्वचित त्याहून वाईट विचार येतात म्हणून २०२०मध्ये अमेरिकेत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ती शेजारणीला लागू पडली म्हणून आपण आणायची नाही.

माझं स्वतःचं आता नाकातल्या स्टेरॉइडच्या फवाऱ्यावर चालतं, डॉक्टरांनी शिकवलेल्या पद्धतीने, आणि गोळी फक्त कपाटं काढायच्या दिवशी. स्टेरॉइड म्हटल्यावर आई घाबरली होती. पण तो फवारा मुख्यतः नाकापुरताच काम करतो आणि रोजच्या अ‍ॅलर्जीला गोळीपेक्षा सरस ठरतो. (नाक झटक्यात उघडणारे थेंब ते वेगळे. ते चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त बंद होतं.)

एक गोष्ट मात्र गमतीत न घेता लिहिते. मधमाशी चावली, कोळंबी खाल्ली, एखादं इंजेक्शन घेतलं, आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली, तर डबा उघडायचा नाही. तिथे अ‍ॅव्हिलची गोळी पुरी पडत नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते हॉस्पिटलमध्ये. गोळी घेऊन बघू म्हणण्यातली दहा मिनिटं फार महाग पडतात.

अण्णांनी परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे डायरीच्या पहिल्या पानावर त्यांच्या त्या सुंदर शिक्षकी अक्षरात "मला चालत नाहीत" असं शीर्षक देऊन खाली पाच नावं लिहिली, देवनागरीत आणि इंग्रजीत, शब्द अधोरेखित करून. दुसरं म्हणजे भिंग विकत आणलं. दुकानदाराला ते आता पट्टी कापूच देत नाहीत. निदान नाव आणि तारीख असलेला तुकडा मला दे, म्हणतात. मी फोनवर चिडवलं, की अण्णा, बिचारा तुम्हाला पाहून शटर ओढत असेल.

"ओढू दे," म्हणाले. "प्रश्न विचारला म्हणून कुणी नापास होत नाही."

मागच्या थंडीत त्यांना पुन्हा सर्दी झाली. गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, अंग दुखलं तेव्हा पॅरासिटामॉलची एकेक गोळी. आठ दिवस नाक गळलं आणि नवव्या दिवशी थांबलं. आई म्हणते, तेवढे आठ दिवस सर्दीपेक्षा त्यांच्या व्याख्यानांचाच त्रास जास्त झाला. आता ते शेजारपाजारच्यांच्याही पट्ट्या तपासतात. परवा समोरच्या आजींची सर्दीची गोळी घेऊन भिंगापुढे बसले होते. त्यात सीपीएम निघालं, आणि आजींना काचबिंदू आहे. आजी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारते म्हणाल्या, आणि गोळी तोवर अण्णांच्याच खिशात राहिली.